कार्डाचा फाटका कोपरा

जुने शहर, अकोला
४ नोव्हेंबर १९५८

चि. केशर हिस शालिकरामदादाचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझा मोतीराम सुखरूप पोचला. मिलने त्याला केवळ वेगाने चेंडू टाकण्यासाठी नोकरीवर घेतले आहे. हजेरीबुकात तो सूतखात्यात आहे. सुताचा आणि त्याचा संबंध सदऱ्यापुरता. तू म्हणतेस, मास्तरकी सोडून चेंडू फेकण्यात कसली अक्कल? केशर, ज्या मैदानाबाहेर आपल्या बापाने साहेबांचे घोडे धरले, त्याच्या मधोमध आपला पोरगा उभा आहे. याहून मोठे भाषण मला आयुष्यात जमलेले नाही. दर आठवड्याला कार्ड, ही तुझी अट त्याला मान्य आहे. चुकला तर खुशाल घेऊन जा.

रागाच्या तळाशी लोभ असेलच, तो राहू दे.

अमरावती
२ डिसेंबर १९५८

ती. दादास केशरचा जयभीम वि. वि.

काल मोतीरामचे कार्ड आले. कोपरा फाडलेला! मयताच्या कार्डाचाच कोपरा फाडतात, हे त्या पोराला ठाऊक नाही? सूर्यभान पोस्टमनने ते फाटकाबाहेरूनच दाखवले, आत पाऊल टाकेना. शेजारच्या सुंदराबाईने 'कावून गेला रे माह्या वाघा' म्हणून असा हंबरडा फोडला, की गल्ली गोळा झाली. साऱ्यांनी थंड पाण्याने अंघोळी केल्या. मग देवरावमास्तरांनी कार्ड वाचले. लिहिले होते, आई, काल सात गडी बाद केले, लोणचे पाठव. सुंदराबाई म्हणाली, माहं एवढं चांगलं रडणं वाया गेलं, आता चहा तरी पाजा. त्याला विचारा, कोपरा कुठे गेला?

उरलासुरला लोभ दोघांत वाटून घ्या.

अकोला
८ डिसेंबर १९५८

चि. केशर हिस जयभीम.

विचारले. धाव कुठून घ्यायची ती जागा तो विकेटपासून एकोणीस पावले मोजून ठरवतो आणि खूण म्हणून कार्डाचा कोपरा खड्याखाली दाबतो. बस्स! दोन वर्षांपूर्वी आपण दगडधोंड्यांची भीती सोडली, आणि तू बोटभर कागदाला भितेस? कागद फाटल्याने माणूस मरत असता, तर सरकारी कचेरीत एक कारकून उरला नसता! या रूढीचा निषेध म्हणून मी या कार्डाचा कोपरा जाहीरपणे फाडत आहे.

विवेक वाढवावा, लोभ आहे तेवढा पुरे.

अमरावती
११ डिसेंबर १९५८

ती. दादास जयभीम.

तुमचे फाटके कार्ड पोचले. सुंदराबाई तुमच्यासाठी रडली. रडता रडता तिने तुमच्या भाषणांची तारीफ केली. या घरात ती पहिल्यांदाच झाली. थंडीत पुन्हा अंघोळ करून तिला खोकला लागला, त्याचा निषेध कोण करणार? आता ऐका. आणखी एक फाटके कार्ड आले, की पुढच्या एस.टी.ने येऊन मोतीरामला कान धरून आणीन. मग त्याचा खेळ संपला. देवरावमास्तरांबरोबर लोणचे आणि चुन्याची डबी पाठवते. खूण चुन्याने करायची.

लोभ कार्ड पाहून ठरवीन.

अकोला
१५ जानेवारी १९६२

चि. केशर हिस जयभीम.

मोतीराम विदर्भाच्या संघात! पहिल्याच डावात चार गडी. बॅटिंगला मात्र पाणी पिऊन यावे तितक्या वेळात परतला. एक शरमेची गोष्ट कळवतो. चुन्याच्या खुणेवरून गडी मिळत नाहीत, असे त्याचे म्हणणे. म्हणून गेली तीन वर्षे तो दर आठवड्याला दोन कार्डे घेतो. एक तुला लिहायला, एक फाडायला! ज्याचा मामा गावोगाव अंधश्रद्धेवर तुटून पडतो, त्याच्या ट्रंकेत हा साठा! तरी त्याला बोलू नकोस. या सामन्याआधीचे दुसरे कार्ड मीच आणून दिले.

लोभाबरोबर हे गुपितही सांभाळ.

अकोला
९ ऑक्टोबर १९६४

केशर,

तू अमरावतीला परतल्यापासून खोलीत बसवत नाही. पंचवीस वर्षांचा पोरगा, आणि कावीळ आठ दिवसांत घेऊन गेली. खांदा देऊन झाल्यावर मिलमधल्या पोरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी पाठ फिरवून खोलीकडे निघालो. नातेवाइकांना कळवायला त्याच्याच ट्रंकेतली कोरी कार्डे घेतली. परतवाड्याला लिहिले, तिवशाला लिहिले. कोपरा मात्र एकाचाही फाडवला नाही. याला माझे विचार म्हणू नकोस. हातच धजला नाही.

दादा

अमरावती
१४ ऑक्टोबर १९६४

ती. दादास जयभीम.

घाबरू नका, इथे सारे बरे आहेत. या कार्डाचा कोपरा मी फाडला. फाटकापासून आत एकोणीस पावले मोजून तो खड्याखाली ठेवला आहे. माझी पावले आखूड, म्हणून सुंदराबाई चालली. ती रडली नाही. फक्त विचारत होती, एवढ्या लांबून पळत यायचं का लेकरू?

सूर्यभान आता डाक घेऊन आत येतो. खड्याला वळसा घालून.

केशर