पालथा हंडा

प्रिय ओथा,

त्या शनिवारी सकाळी मी आईचा कपडे उकळायचा लोखंडी हंडा डोक्यावर घेऊन चर्चपर्यंत चालत गेलो आणि दाराशी पालथा घातला. आपल्या पणज्यांची रीत होती ती. मळ्यावर गुलाम असताना त्या चोरून प्रार्थना करायच्या, आणि आवाज हंड्यात जिरतो, मालकाच्या कानी जात नाही, असं मानायच्या. तू आलास, हंडा बघितलास आणि कपाळाला हात लावलास. म्हणालास, "लेम, आज चर्च रिकामं दिसायला हवं. तू तर दारात पाटीच लावून बसलास." मी मुकाट्याने हंडा मागच्या झुडपात नेऊन ठेवला. इथवरचं तुला माहीत आहे. पुढचं तेहतीस वर्षं माझ्याजवळ पडून आहे.

तू कोरे अर्ज आणायला पलीकडच्या गावी गेलास. आत अकरा माणसं होती, त्यांत तुझी आई आणि माझी आई. चर्चचे सेवक, डीकन अँब्रोझ, त्यांना मतदार म्हणून नाव नोंदवायचा अर्ज भरायला शिकवत होते; काळ्या माणसाने मत देणं गोऱ्यांना खपत नव्हतं. सगळे शेतातून पायी आले होते, गाड्या दूर झाडीत लपवल्या होत्या. खिडक्या बंद. पण आपली माणसं घाबरली की गुणगुणतात. एकीने सुरू केलं, बाकीच्यांनी धरलं. दारावर राखण करणारा मी सोळा वर्षांचा. मला वाटलं, हा आवाज रस्त्यापर्यंत जाणार. ओथाला शाळेतलं कळतं, देवाचं कळत नाही, असं मनाशी म्हणत मी हंडा परत आणला आणि होता तिथेच पालथा घातला. तुला खिजवायला नाही. माझा खरोखर विश्वास होता.

शेरीफची, जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाची, माणसं सकाळपासून आपली बैठक शोधत फिरत होती. दोन ट्रक रस्त्याने सरळ पुढे गेले आणि थांबून मागे आले. मी चर्चच्या लाकडी जमिनीखाली शिरलो. विटांच्या खांबांमधे हातभर पोकळी होती, ती तुला आठवेल. शेरीफच्या डेप्युटीचे बूट हंड्यापाशी थांबले. तो सोबतच्याला हसत म्हणाला, "जिने मला वाढवलं ना, त्या काळ्या बाईच्या दारात असाच हंडा असायचा. भरलेत सगळे आत." आणि त्याने दार तोडलं.

कुऱ्हाडीचे दांडे होते, खेचरांच्या साखळ्या होत्या. माझ्या डोक्यावरच्या फळ्यांवर माणसं पडत होती. पडलेल्या माणसाला मारलं की फळी कशी वाजते ते मला अजून वेगळं ओळखू येतं. माझ्या आईचे पुढचे दात गेले, तुझ्या आईचं गळ्यापाशी हाड मोडलं. मग सगळं शांत झालं आणि डेप्युटीने विचारलं, "लिहायचा हात कुठला?" अँब्रोझ म्हणाले, "उजवा, साहेब." शिकवताना खडू मागितला असता तरी त्यांचा आवाज तसाच आला असता. बोटं एकेक करून मोडली. मी मोजली. पाचव्यानंतर त्यांच्या डोक्यात दांडा बसला. फटीतून ऊन ऊन रक्त माझ्या मानेवर पडत राहिलं आणि मी हललो नाही. सरकारी कागदावर, छप्पर दुरुस्त करताना पडून मृत्यू, असं लिहिलं गेलं.

बैठकीची खबर कुणी दिली, हे सोमवारपर्यंत गावाने ठरवूनही टाकलं. एकटा तू बाहेर होतास, तुझ्या अंगावर ओरखडा नव्हता. स्वतःच्या आईचं हाड मोडायला कोण माणसं धाडतो, हे कुणी विचारलं नाही. कापसाच्या गिरणीमागे आपल्याच सहा जणांनी तुला चामड्याच्या पट्ट्यांनी झोडपलं. तुझा उजवा हात मी धरला होता. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "लेम, सांग यांना." तुला वाटलं असेल, मी फक्त तुझ्या चांगुलपणाबद्दल बोलावं. मला वाटलं, तुला हंड्याचं कळलंय. मी हात आणखी आवळला. तुझ्या तोंडातून रक्त आलं तेव्हाही आवळलेलाच होता.

त्याच आठवड्यात तू डेट्रॉइटला गेलास. तुझी आई मागच्या बाकावर एकटी बसू लागली. प्रभुभोजनाचं ताट तिच्यापर्यंत शेवटी जायचं, शेजारी कुणी टेकायचं नाही. दर हिवाळ्यात मी तिच्या अंगणात लाकडं फोडून रचायचो आणि माझ्या मनाला सांगायचो की हेही प्रायश्चित्तच आहे. मरायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "लेम, माझ्या ओथाने नाही ना रे केलं?" मी म्हणालो, "देवाला ठाऊक." ओथा, मी रोज गुडघे टेकून प्रार्थना करणारा माणूस आहे. देवाचं नाव इतकं वाईट कामाला मी आणखी कधी वापरलेलं नाही.

गेल्या शनिवारी डॉक्टर कॉरिन प्रुइट म्हणून इतिहासाच्या एक अभ्यासक बाई चर्चच्या सभागृहात बोलायला आल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या, आजी इथली धोबीण. ज्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत अशांबद्दल त्या बोलल्या. मतनोंदणीच्या कार्यकर्त्यांना जेवू घातलं म्हणून जिचं घर जाळलं ती बाई, रात्रंदिवस टायर दुरुस्त करून देणारा म्हातारा. लोक आमेन, आमेन म्हणत होते. मग त्या आपल्या शनिवारावर आल्या. जुन्या जबान्यांतून त्यांनी वाचलं, की ओथा नावाच्या तरुणाने फितुरी केली. हे आता पुस्तकात जायचं होतं. पुढे म्हणाल्या की दारावर शेवटपर्यंत राखण करणारा शूर मुलगा आज इथे डीकन आहे, त्यांनी उभं राहावं. टाळ्या सुरू झाल्या. मी उभा राहिलो.

मी म्हणालो, "बाई, ते खोडा. हंडा मी ठेवला होता. ओथाने काढायला लावला, तो गेल्यावर मी परत ठेवला. डेप्युटी तो बघूनच आत आला, मी कानाने ऐकलंय."

पहिल्या रांगेत अँब्रोझ यांच्या पत्नी ओझेलामावशी बसल्या होत्या, नव्वदीला टेकलेल्या. अँब्रोझ गेल्यापासून मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवतो. त्या मागे वळल्या नाहीत. म्हणाल्या, "खाली बस, लेम." आणि मग, "नको. उभाच राहा. गिरणीमागे त्या पोराचा हात कुणी धरला होता, तेही सांग."

तेही सांगितलं. त्या सहांपैकी माझ्याशिवाय दोघे हयात आहेत. एक रडला, एक उठून गेला. या रविवारी ओझेलामावशींच्या घरी माझं ताट वाढलेलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. ते मागायचं तोंड मला नाही. बाईंचं पुस्तक किंवा गावातला एखादा फोन तुझ्यापर्यंत पोचायच्या आत तुला हे माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी लिहितो आहे. सोमवारी मी डीकनपद सोडलं आणि शहरात जाऊन सगळं शपथेवर लिहून दिलं. तुझं पूर्ण नाव घातलं, तुझ्या आईचंही. तू निर्दोष होतास असं लिहिलं आणि त्याखाली सही केली.

तुझाच, हा शब्द वापरायचा हक्क उरला असेल तर,
लेम्युएल