त्याच आठवड्यात

ता. ९ मार्च, मंगळवार

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद.

तुझं पाकीट शनिवारी पोचलं. आतला फॉर्मही मिळाला. त्यावर माझी सही असल्याशिवाय विद्यापीठ पदवी देणार नाही, हेही वाचलं. सहीचं शेवटी लिहितो, आधी घरचं. मामीचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण ती आता त्याच्याशी भांडत नाही. दुकान चालू आहे. स्कूटर विकली. रस्ते खराब झालेत, शिवाय पायी चाललं की माणसं भेटतात. तुझी आई फोनवर दर वाक्याला एकदा ‘डॉक्टर’ म्हणते. परवा मी विचारलं, ताई, कुणी आजारी आहे का? तर रागावली.

दृष्टिविज्ञानातली डॉक्टरेट म्हणजे काय, हे गिऱ्हाइकांना मला अजून धड सांगता येत नाही. आम्ही चष्मे विकतो, आमची भाची बघणं कसं घडतं ते शोधते, एवढं सांगून वेळ मारून नेतो. तुझ्या तोंडी परीक्षेला मात्र तिसऱ्या रांगेत बसून सगळं ऐकलं. माझे कान तुला माहीत आहेत. घासायच्या चाकावर धरलेली चष्म्याची काच तडकायच्या आधी तिचा आवाज बदलतो. तो ओळखता आला म्हणून तर मी दुसऱ्याच्या दुकानातल्या झाडूपासून स्वतःच्या पाटीपर्यंत आलो.

तेव्हा आधी माझी चोरी सांगतो. तीन वर्षं, दर सहा महिन्यांनी तू मला त्या यंत्रापुढे बसवलंस. हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्याच दिवशी ध्यानात आलं, उजेडाच्या आधी यंत्र आतून हलकंसं टक् करतं. कडेचे ठिपके मला दिसत नव्हते. मी टक् ऐकून बटण दाबत गेलो. चष्मेवाल्याचेच डोळे गेले म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढणार? आणि भाचीच्या अभ्यासात मामा नापास नको, असंही वाटलं.

तू ते पकडलंस. दुसऱ्या वर्षी एकदा माझ्या कानांवर जाड हेडफोन चढवलेस. म्हणालीस, मामा, यंत्राच्या आवाजाचा तुला त्रास होत असेल. घरी येऊन मी मामीला सांगितलं, पोरगी किती जपते मला! पुढच्या वेळी हेडफोन नव्हते. मी विचारलंसुद्धा नाही.

परीक्षेत तू पडद्यावर दोन चित्रं लावलीस. कान उघडे असतानाचं जवळजवळ स्वच्छ. कान झाकल्यावरचं कडेनं सगळं काळं. हे गृहस्थ उजेड बघत नव्हते, ऐकत होते, असं म्हणालीस. सभागृह हसलं. आधी मीही हसलो. मग त्या टकल्या परीक्षकांनी विचारलं,

‘यांना कधी सांगितलंत?’

‘त्याच आठवड्यात, सर.’

अडखळली नाहीस. त्याआधी एकदा माझ्याकडे बघितलंस, मग त्यांच्याकडे वळलीस. मी उठून उभा राहिलो असतो तर तुझी सगळी वर्षं तिथेच पाण्यात गेली असती. मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. थेंब सुरू केलेत. आहे ते टिकेल, गेलं ते येत नाही. दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं, म्हणाले. माझी बटणाची चोरी त्यांना सांगितली, तुझ्याबद्दल काही बोललो नाही. आणि स्कूटर रस्त्यांमुळे नाही विकली. डावीकडून आलेली सायकल मला दिसलीच नाही. चालवणारी बाई खरचटण्यावर सुटली, हे तिचं नशीब आणि माझंही.

तू लिहितेस, सांगायचं राहून गेलं. राहून जायला ती काय छत्री होती? सांगितलं असतंस तर मी उपचाराला लागलो असतो, बटणाचा खेळ बंद केला असता, आणि असा कानांनी फसवणारा माणूस तुझ्या हातून गेला असता. तसा तुला एकच मिळाला होता. हे असंच्या असं लिहिलं असतंस तर चार शिव्या देऊन जवळ घेतलं असतं तुला.

फॉर्मवर छापलंय की तपासणीचा निकाल मला त्याच आठवड्यात कळवला होता. तारीखही तूच भरलीस. ती मी खोडली. परीक्षेची तारीख घातली, पुढे ‘सभागृहात, इतरांबरोबर’ असं लिहिलं आणि खाली सही केली. उद्या त्या यंत्रापुढे दुसऱ्या कुणाचा तरी मामा बसेल. पाकीट विद्यापीठाला नाही, तुलाच पाठवतोय. पुढे द्यायचं की फाडायचं, तुझं तू ठरव. फाडलंस तरी मी कुणाकडे बोलणार नाही.

मामीला यातलं काही माहीत नाही. परीक्षेच्या दिवशीचा, हातात फुलं घेतलेला तुझा फोटो तिनं चौकटीत बसवून आणलाय, दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावायला. रोज विचारते. खिळा सापडत नाही, असं मी सांगतो.

तुझा,
मामा