मुनाऱ्याचे दगड

रवि. ८ नोव्हेंबर ६४
वाट झाली एकदाची. टेकडीच्या माथ्यापासून सागाच्या झाडांतून थेट खाली नाल्यापर्यंत. दिवाळीची सगळी सुट्टी गेली. मी, बबन, दोन कुदळी, एक विळा. बबनने त्याच्या सायकलच्या दुकानातली एक जुनी सायकल पार सोलून काढलीय. मडगार्ड नाही, घंटी नाही, चेनकव्हर नाही. आज आळीपाळीने उतरलो. दोनदा आपटलो, कोपर सोललं, आणि पोट दुखेपर्यंत हसलो. जंगल सरकारी. परवानगी मागितली नाही. कोणाला मागायची ते माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. माहीत होतं. जंगलाची राखण करणारा नाकेदार जानेफळात माझ्याच गल्लीत राहतो.

गुरु. १२
शाळा सुरू. कोणी विचारलंच तर सांगायचं की जानेफळहून वाडीच्या शाळेत जायला जवळची वाट केली. मास्तराला शोभतं. पण खोटं. शाळेला सडकेनेच जातो, वाट केली ती उतारासाठी. वय सत्तावीस, नोकरी अजून कायम नाही, आणि हे धंदे!

रवि. १५
शेवटच्या वळणावर माती सारखी ढासळते. दगड हवे होते. तिथेच वर जंगलाच्या हद्दीचा मुनारा : रचलेले दगड, वरून चुना, त्यावर नंबर. पलीकडे वाडीतल्या उकंडाजीचं शेत. अर्धा मुनारा उतरवला. मी जरा कचरलो, तर ब. म्हणतो, "सरकारले गोट्यायची काय कमी हाय बे?" चुन्याची बाजू खाली करून बसवले. वळण पक्कं झालं. सायकल सुसाट जाते आता.

शनि. २१
सकाळची शाळा. नाकेदार येऊन उकंडाजीच्या बांधावर ओरडत होता. उकंडाजी म्हणजे शाळेमागचा म्हातारा, ज्याच्या विहिरीवर मी रोज पाणी पितो. मुनारा मोडून जंगलात हद्द सरकवतो, असा आरोप. वर्गात स्पष्ट ऐकू येत होतं. "माह्या बापानं त्याले हात नाई लावला, मी काऊन लावीन, साहेब?" मी सातचा पाढा घेत होतो. घेत राहिलो.
आज विहिरीवर गेलो नाही.

रवि. २२
दगड परत नेले. ब. कुरकुरला, पण आला. रचायला मात्र जमेना. चुन्याची बाजू कुठे आत, कुठे बाहेर. गवंड्याचं काम मास्तराला कुठलं येतंय. तरी वाटलं, चला, मिटलं.

मंगळ. २४
मिटलं कसलं. नाकेदार म्हणतो, चोरलेले दगड म्हाताऱ्याने भिऊन परत आणून ठेवले, म्हणजे गुन्हा कबूलच. आता रेंजरसाहेबांकडे कागद गेलाय. चराईचा पास बंद. उकंडाजीची सहा गुरं दाव्याला बांधलेली, कडबा यंदा तोकडा. हे सगळं माझ्या शहाणपणाने. निदान दगड जिथे होते तिथेच राहू दिले असते तर.

मंगळ. १ डिसें.
गुरं दिवसभर हंबरतात. पोरं कविता म्हणतात आणि मागून ते हंबरणं. लाज वाटते, नुसती लाज.
बबनला म्हटलं, जाऊन सांगून टाकू दोघं. तो ट्यूबला ठिगळ लावत होता, मान वर केली नाही. "सांग ना. तुही नौकरी कच्ची, उद्याच घरी बसवतीन. मंग घरी काय सांगशीन, सायकलीवरून घसरगुंडी खेळत होतो म्हून?" मी आलो परत. खरं म्हणजे त्याने असंच काहीतरी म्हणावं म्हणूनच गेलो होतो.

शुक्र. ४
शाळा सुटल्यावर उकंडाजी आले. पागोटं नीट बांधून, जणू कचेरीत आलेत. "मास्तर, मले एक कागद लिहून द्या. मुनारा म्याच मोडला म्हून लिहा. साहेब म्हन्ते, कबूल झाला त पास सोडतो. गुरं मरून राह्यली, आता काय इज्जत पाह्यतो मी." मी म्हटलं, आज कागद संपलेत, उद्या या. टेबलावर अख्खा दस्ता पडला होता. त्यांना वाचता येत नाही, पण दिसतं तर. "हाव, उद्या येतो" म्हणून गेले.

शनि. ५
घंटेच्या आधीच हजर. दारात चपला काढून जमिनीवर बसले, खुर्ची नको म्हणाले. मी कागद घेतला. तारीख घातली, रेंजरसाहेबांस म्हणून लिहिलं. पुढे हात चालेना.
म्हटलं, "उकंडाजी, हे नका लिहायला लावू. दगड तुम्ही नाही काढले."
"मले माहीत हाय ना, मास्तर," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुमाले कसं माहीत?"
पोरं जमली होती. मी प्रार्थनेला उठलो.
आता मधली सुट्टी. हे लिहितोय. ते ओसरीवर आहेत, तसेच बसून. जा म्हणावं तर जात नाहीत, आणि पुन्हा विचारतही नाहीत.