दोघांची खोली

३ नोव्हेंबर
फोनवर गप्प बसले, ही माझीच चूक. डोंगरातल्या त्या गरम झऱ्यांच्या गावी, जुन्या सराईत, आम्ही दोघं एकतीस वर्षं जात होतो. मालकीणबाईंनी आवाज ओळखला. "नेहमीसारखीच ना, दोघांची खोली?" हे तर फेब्रुवारीतच वारले. पण तसं म्हटलं असतं तर बिचारी किती ओशाळली असती! म्हणून "हो" म्हणाले. आता निस्तरा.

४ नोव्हेंबर
योहेई चिडला. "आई, अगं बाबांच्या नावाने खोली कशी घेतेस? त्याच गावात नवं बुटीक हॉटेल झालंय. पलंग आहेत, लिफ्ट आहे. तुझे गुडघे दुवा देतील." लेकाला बापाची आठवणसुद्धा लिफ्टने हवी. शेवटी ठरलं: एक रात्र सराईत, एक हॉटेलात. पुढे दरवर्षी कुठे जायचं ते मग मी सांगायचं.

९ नोव्हेंबर, सराई
साएको, आमच्या खोलीचं बघणारी बाई, दारातच म्हणाली, "साहेब मागून येताहेत का?" मी नुसती मान डोलावली. तिने जेवणाची दोन ताटं मांडली. ह्यांचं तसंच राहील, मग सांगू, असं मनात म्हटलं. माझं जेवून हौदावर आंघोळीला गेले. परत येते तो साएको ताटं उचलत होती. दोन्ही रिकामी.
"साहेबांनी आज मुळ्याचं लोणचंही ठेवलं नाही. दात बरे झाले वाटतं."
हसले. दुसरं काय करणार?

१० नोव्हेंबर
सकाळी साएको चहा ओतताना घुटमळत होती. मग हळूच म्हणाली, "साहेब मघाशी बोळात भेटले. युकाता, आपला सुती झगा, चुकून उजवी बाजू वर घेऊन घातलाय. सांगायचं कसं? मी आपली वाकून नमस्कार करून बाजूला झाले."
जिवंत माणूस झग्याची डावी बाजू वर घेतो. उजवी वर — ती फक्त प्रेताला. ह्यांना तसा मीच घातला होता, ह्याच हातांनी.
चहा तसाच टाकून निघाले. मालकीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची खोली धरून ठेवू ना?" फोन करते म्हटलं. मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

११ नोव्हेंबर, हॉटेल
पांढऱ्या भिंती. दाराला कार्ड. कोणी काही विचारत नाही. एक पेला, एक सपातांचा जोड. आठपर्यंत गाढ झोपले आणि उठल्यावर त्याचंच रडू आलं.
योहेईला कळवलं: हॉटेलच. "शहाणी माझी आई," म्हणाला.

१३ नोव्हेंबर
घरी. सराईत फोन करायचा राहिलाय. उद्या नक्की.

१४ नोव्हेंबर
केला. सरळ सांगून टाकलं, हे फेब्रुवारीत वारले, मी आता येणार नाही. मालकीणबाई आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "पण साहेबांनी खोली सोडलेली नाही हो. तुम्ही गेलात तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसलेत. तुम्ही न सांगता कुठे गेलात, विचारतात. आम्ही काय सांगावं?"
तिकडे जायला सात चाळीसची गाडी आहे. योहेईला कळवलेलं नाही.