तीन खटक्यांचा कांदा

९ जून, सोमवार
डाव्या हातानं लिहिते आहे. फिजिओवाली म्हणाली, रोज थोडं लिहा. अक्षर बालवाडीतलं. एकतीस वर्षं पाटबंधारे ऑफिसात आवक-जावक लिहिली, माझं अक्षर साहेब लोक नव्या पोरांना दाखवायचे. आणि आता हे. अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात मांडीवर पडून असतो, पाहुण्यासारखा.

मंदारचा पुण्याहून फोन. पोराचं नाव पूर्ण लिहितानाही बोटं भरून येतात, पुढं नुसतं मं. स्वयंपाकाच्या रखमाबाईचं र.बाई.

आज पिठल्यात कांदा पुन्हा पांढराच. दाताखाली कचकच. बोलले. तर म्हणे, "काकू, अजून तीन घरं हायेत मला. कांदा लाल होईस्तोवर हितंच हुबी ऱ्हाऊ का?" मला पुढं बोलायला तोंड नाही. मार्चमध्ये या हाताला चटका कळला नाही, पदर पेटला. तेव्हापासून गॅसचा रेग्युलेटर तीच लावते, जाताना काढून ठेवते. मं.चा हुकूम. एका हातानं मला तो बसवता येत नाही. माझ्या घरात माझी चूल दुसरीच्या हातात.

१० जून, मंगळवार
वटपौर्णिमा. र.बाईची सुट्टी. खाली बिल्डिंगमधल्या बायका नथी घालून वडाकडं निघालेल्या. मला त्याचं काही नाही, हे जाऊन सहा वर्षं झाली.

दिवसभर बिस्किटं आणि एक केळ. मं.चा फोन नेमका दुपारी. "जेवलीस का?" खोटं सुचलं नाही.

मग ऐकून घेतलं. "बाई एक दिवस आली नाही तर तू उपाशी. असं एकटं राहता येतं का, आई?" फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय म्हणतो. कांदेनवमीला येणार आहे, तेव्हा ठरवू. ठरवू म्हणजे त्याचं ठरलंय. म्हटलं, मला माझं करून खाता आलं तर? हसला. "करून दाखव. मग विषय बंद."

पुण्याला त्याच्याकडं हॉलमधला दिवाण माझा. दोन महिने राहून आलेय. सून वाईट नाही. पण फ्रीज उघडताना विचारावं लागतं. पुंडलिकनगरमधलं हे दोन खोल्यांचं घर आम्ही दोघांनी नोकरी करून घेतलं. इथं मी कुणाला विचारत नाही. मला जायचं नाही. जायचं नाही.

११ जून
र.बाईकडून माळ्यावरचा राइस कुकर काढवला. मं.च्या लग्नातला आहेर, खोकासुद्धा फोडलेला नव्हता. बटण दाबायचं, झालं की आपोआप वर येतं. जाळ नाही, पदर पेटायची भीती नाही. वरण-भात झाला.

पण वरण-भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण. त्यावर मं. विषय बंद करणार नाही. कांदा तळता आला पाहिजे. लाल, कुरकुरीत. तो जमला की मसालेभात, आमटी, पिठलं सगळं ओळीनं जमतं. शिवाय तो येणार कांदेनवमीला. त्या दिवशी या घरात कांद्यावाचून पान वाढलेलं नाही.

१२ जून
कुकरात तेल तापत ठेवलं. मिनिटभरात खट्, बटण वर. दाबलं. पुन्हा वर. कांदा टाकला तो तेलात बसून राहिला, काही नाही. फेकला.

१४ जून, शनिवार
आज थंड तेल, थंड कांदा एकदमच. झाकण लावलं. वीस मिनिटांनी पाहिलं तर गिळगिळीत लगदा. डाव्या हातानं ढवळायला गेले तर आतलं भांडंच गरगर फिरायला लागलं. ते धरायला दुसरा हात हवा.

रडले. लिहून ठेवते, रडले.

१६ जून, सोमवार
र.बाई कुकरात डोकावली. "झाकण कशापायी लावता? वाफ कुठं जाईल? अन् मीठ आधीच घाला, पाणी सुटू द्या. मंग हातच लावू नका त्याला. कांद्याला उगं डिवचलं की त्यो लाल व्हत नाय."

एवढी साधी गोष्ट. मला सुचली नाही याचा राग आला आणि तो काढला तिच्यावर. "तुला उशीर होत नाही का आज?" गेली. तिचं बरोबर होतं म्हणूनच बोलले, मला कळतं.

१७ जून, मंगळवार
जमला!

तिचंच केलं सगळं. झाकण उघडं, मीठ आधी, हात नाही. पहिला खटका पडला तेव्हा कांदा मऊ. दहा मिनिटं थांबून परत बटण दाबलं. दुसऱ्या खटक्याला गुलाबी. परत थांबले. तिसऱ्या खटक्याला लाल, काठाला जरा काळपट. बशीत पसरला, गार झाल्यावर कुरकुरला. एकदाही ढवळला नाही. खुर्चीत बसून पेपर वाचला की मी! अर्धी बशी उभ्यानंच खाल्ली. हे असते तर म्हणाले असते, मीठ जास्त झालंय.

मं.ला फोटो पाठवला. लगेच उत्तर. "वा! पण कांदा कोणी चिरला?"

चिरला र.बाईनं. सकाळी निघण्याआधी, कागदासारखा पातळ. तसा पातळ नसेल तर हे होतच नाही.

मी लिहिलं, "मीच."

१९ जून
खोट्याला पाय द्यायला हवेत. फिजिओवालीकडून खिळ्यांची पाटी आणली. कांदा खिळ्यांवर खोचायचा आणि एका हातानं चिरायचा. तिच्याकडं एक आजोबा सफरचंद चिरतात म्हणे. सफरचंद.

माझा पहिला कांदा सुटून फ्रिजखाली गेला. दुसऱ्याच्या बोटाएवढ्या फोडी झाल्या. त्याच टाकल्या कुकरात. बाहेरून कोळसा, आतून कच्च्या. अंगठ्याला कापलं ते वेगळंच. हाताला वळण नाही आणि आता लागेल असंही वाटत नाही. सदुसष्ट वय.

पाटी ओट्यावर ठेवून दिली. दिसायला बरी दिसते.

२३ जून, सोमवार
र.बाईला सगळं सांगितलं. फ्लॅट, गिऱ्हाईक, मं.ची अट. कांदेनवमीला त्याच्या आधी येऊन कांदा चिरून जा म्हटलं.

"आन् सायबानं इचारलं त?"
"मी चिरला म्हणायचं."

मग म्हणाली, "बरं. घर ऱ्हायलं पायजे तुमचं." तिचं सासर बिडकीनच्या बाजूचं, धनगरवाड्यातलं. मेंढरं विकली, घरही सुटलं, नवरा आता एका कंपनीच्या गेटवर उभा राहतो. "घर सुटल्यावर मानूस कसा ऱ्हातो ते मला इचारा, काकू."

चहा दिला तिला. म्हणजे केला तिनंच, मी कप पुढं सरकवला. वर्षभरात पहिल्यांदा बसली. खुर्ची दाखवली तरी खालीच, भिंतीला टेकून. मीही फार आग्रह केला नाही. हे पण लिहून ठेवते.

२८ जून, शनिवार
रोज सराव. ती चिरते, मी बटण दाबते. तिघी मिळून करतो, ती, मी आणि कुकर. आज दुसऱ्या खटक्यानंतर लाईट गेली. तासाभरानं आली. कांदा तरी जमला. र.बाई उद्या येणार नाही तर आजच दोन दिवसांच्या पोळ्या करून गेली. सांगितलं नव्हतं मी.

ती आली की घरात आवाज होतो. मला त्याची सवय लागली आहे.

४ जुलै, शुक्रवार. कांदेनवमी
क्रमानं लिहिते.

र.बाई सहाला आली. सहा कांदे चिरले. सालंसुद्धा पिशवीत भरून घेतली, "केरात दिसतील" म्हणाली. माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाटीला मात्र थोडा कांदा चोळून ठेवला, वास यावा म्हणून. सातला गेली. जाताना, "भिऊ नका. हात लावू नका त्याला."

मं. साडेदहाला आला. कुकरासमोर खुर्ची ओढून बसला, परीक्षेला बसल्यासारखी मी. पहिला खटका. दुसरा. मधल्या वेळात त्यानं पाटी उचलून बघितली. "दाखव ना एक चिरून." म्हटलं, सगळा चिरून झालाय, उगीच वाया कशाला? "बरं," म्हणाला. तिसरा खटका.

मसालेभात दोनदा घेतला. वरून तळलेला कांदा मूठभर. "आई, मानलं तुला. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगतो." माझे डोळे भरले. जिंकले असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि मग, हात धुता धुता, "म्हणजे आता बाईची गरजच नाही."

मी म्हटलं, असू दे की. तर म्हणे, "कशाला? परवा एकादशी. चार महिने तुझा कांदा-लसूण बंद. राहिलं काय? वरण-भात कुकरात होतोच. आणि चिरणं तर तुझं तू करतेस."

सासूबाईंनी घातलेला चातुर्मासाचा नेम. चाळीस वर्षं मिरवला. कुणाकडं जेवायला गेले तरी आधी सांगायचे, माझ्या पानात कांदा नको हं. पोरानं तोच माझ्यापुढं ठेवला.

बोलायला हवं होतं. तेव्हाच. "मंदार, कांदा मी चिरला नाही." पाच शब्द.

त्यानं तिथंच तिला फोन लावला, स्पीकरवर. चांगल्याच शब्दांत बोलला. आईला आता सगळं जमतं, उद्यापासून येऊ नका. मला वाटलं आता ही सांगणार. सांगावं असंही वाटलं.

"व्हय, सायेब," म्हणाली. "जमतं काकूला समदं."

मी ताटातला भात चिवडत बसले.

५ जुलै, शनिवार
मं. गेला. घर राहिलं.

गरज सरो, वैद्य मरो. आयुष्यभर ही म्हण मी दुसऱ्यांना लावली. ऑफिसात तर रोज कुणाला ना कुणाला.

६ जुलै, रविवार
एकादशी. कुकरात भगर. बरोबर काही नाही. बटाटा सोलायला गेले, सोडून दिला.

७ जुलै
वरण-भात. दोन वेळा.

मं.ला दोष देणं सोपं आहे. सकाळपासून देऊन बघितला. त्याला मी जे सांगितलं त्यावर तो वागला.

८ जुलै, मंगळवार
र.बाई आली. दारातच उभी. आत ये म्हटलं, आली नाही.

"काकू, ह्या घराच्या जागी दुसरं घर घावंना. समद्यांकडं बाया हायेत." मग, "मी सायबाला काय बोलले नाय. तुमच्या तोंडावर कसं बोलू? तुमचं तुमी सांगा. कांदा रखमा चिरत व्हती, यवढंच सांगा. ते काय घर इकत्यात का यवढ्यावर?"

विकेल. मला माहीत आहे, विकेल. कांद्यासाठी नाही, मी त्याला फसवलं म्हणून. बापासारखा आहे त्या बाबतीत. एकदा विश्वास गेला की गेला. मग माझ्या कुठल्याच शब्दाला किंमत नाही, औषध घेतलं म्हटलं तरी गोळ्या मोजेल.

तिला यातलं काही सांगितलं नाही. "बघते," म्हटलं. ऑफिसात अडलेल्या माणसाला म्हणायचे तसंच. तोच सूर. माझा मलाच ऐकू आला.

"हात कसा हाय?" विचारलं तिनं जाताना. मला लाज वाटली. फार.

"परवा सकाळच्याला येते आठला. काय ते सांगा."

९ जुलै, बुधवार
पाचला मं.ला फोन लावला. ठरवून. पाणी पिऊन, खुर्चीत बसून.

त्यानं बोलूच दिलं नाही. ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवला म्हणे. आई एका हातानं स्वयंपाक करते, कुणाची मदत नाही. त्याच्या कुणा मित्राची आईही अशीच आहे, तिला माझा नंबर दिलाय, तू शिकव तिला. केवढा खूष होता. किती वर्षांनी माझ्याबद्दल असा बोलला.

"मंदार, ऐक."
"काय गं?"
"काही नाही. पाणी आलंय, ठेवते."

नळ कोरडा आहे. आमच्या लाईनीचा पाण्याचा दिवस शनिवार.

पुन्हा लावला. एंगेज. मग त्याचाच आला, मी उचलला नाही.

उद्या आठला र.बाई येणार. तिच्याशी खोटं बोलता येत नाही, तिला सगळं माहीत आहे. मं.शी खरं बोलता येत नाही. आठच्या आत काय ते ठरवायला हवं, आणि अजून ठरत नाही.