मापारी लाभ विसरला

शहापूर

तीर्थरूप आप्पा,

तुम्ही असाल तिथे हा नमस्कार पोचो. तुम्हाला अक्षर लागत नव्हतं, पण तिथे कुणीतरी वाचून दाखवेलच. नाहीच दाखवलं, तरी तुम्ही निदान ओळी मोजाल, याची मला खात्री आहे!

तुम्हाला जाऊन महिना झाला. काल आपल्या संघाचा या मोसमातला पहिला सामना झाला. खेळ संपल्यावर पोरं माझ्याभोवती बसली आणि मी त्यांना तुमची ती नेहमीची गोष्ट सांगितली, मापारी लाभ विसरला ती. पोरं पोट धरून हसली. मीही हसलो. फक्त आपल्या संघातला जुना गडी गोमा हसला नाही. तो जे बोलला, ते ऐकून मी गुपचूप घरी आलो आणि आज लिहायला बसलो. दहा वर्षं मी तुमची टिंगल करत होतो, आप्पा, आणि चूक माझी होती.

शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही खळ्यावर भात मोजायचं तर मापारी तुम्हीच. पायली भरायची, हाताने सपाट करायची, ओतायची आणि सुरात म्हणायचं, "लाभ... दोन... तीन..." पहिल्या मापाला शुभ म्हणून 'लाभ'च; 'एक' म्हटलेलं मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. एवढ्या वर्षांत तुमच्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता! सांगितला मात्र कधी नाही.

फुटबॉलमधलं तुम्हाला काय कळत होतं? काहीच नाही. महायुद्धाच्या आधीचा तो मोसम. मी सेंटर फॉरवर्ड, गावात मिरवणारा. भातं कापलेल्या शेतातच आमचं मैदान. मी मोठ्या हौसेने तुम्हाला सामन्याला नेलं. तुमच्यासमोर दोन गोल केले. आपण घरी आलो. मग दारात पाय धुताना म्हणालात, "गोल दोन केलेस, ता सगल्यांनी बघितला. पन चेंडू किती वेळा घालवलास, ता कोनी मोजला काय?"

मला किती राग आला होता, आठवतंय?

पुढच्या सामन्याला तुम्ही सूपच घेऊन आलात! बंडीच्या एका खिशात भाताचे भरले दाणे, दुसऱ्यात फोल, आतून रिकामे. बांधावर बसून सुपात अकरा गड्यांच्या अकरा जागा केल्यात. कुणी समोरच्याकडून चेंडू काढून घेतला किंवा आपल्या गड्याला नीट दिला, की त्याच्या जागेवर भरला दाणा. घालवला, की फोल. सामना संपल्यावर अकरा ढीग आणि तुमचा तो खळ्यावरचा सूर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संघातले सगळे म्हणाले, "सद्या, तुझा बापूस याडा झाला काय रे?"

मी चिडून विचारलं होतं, इथेही 'लाभ' कशाला? तुम्ही शांतपणे म्हणालात, "पयला दाना नशिबानं पन पडतो रे. दुसरा पडला का मानसाचा."

आता मी शाळेत गणित शिकवतो. त्या एका वाक्यात किती गणित होतं, ते मला शिकवायला लागल्यावर कळलं.

मोसमाचा शेवटचा सामना कसाऱ्याच्या रेल्वेवाल्यांशी. त्यांना आपण कधीच हरवलं नव्हतं. अकरा जण ठरवायला सगळे देवळाच्या पारावर जमले. गोमाला काढायचं जवळजवळ पक्कं झालं होतं. हाफला खेळणारा, तानशाकडच्या पाड्यावरचा, बोलायला लाजणारा गोमा. मोसमभर एक गोल नाही! तेवढ्यात तुम्ही उठलात.

"गोमाला काढाल तर कसाऱ्याला जाऊच नका," तुम्ही म्हणालात. "पाच सामन्यांत सगल्यात जास्ती भरला दाना त्याचा हाय. फोल सगल्यात कमी."

कुणीतरी विचारलं, "मग काढायचा कोनाला?"

"सदूला."

माझे कान तापले. मी ओरडलो, "आप्पा, सगळ्यात जास्त गोल माझे आहेत!"

"हायत ना. पन मुरबाडवाल्यांवर किती? त्यांचा बॅक लग्नाला गेलेला तवा चार. बाकी सगल्या सामन्यांत मिलून दोन. ओला भात आनि सुका भात एका मापानं मोजत नाय, सदू."

सख्ख्या बापाने भर पारावर पोराला काढलं! आईने तीन दिवस तुमच्याशी अबोला धरला. मीही धरला, पण तुमचं माप खोटं आहे असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही, कारण ते खोटं नव्हतं.

कसाऱ्याला तुम्ही मला शेजारी बसवलंत आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलंत. तेव्हा काय वाटलं सांगू? आधी सूप भिरकावून द्यावंसं वाटलं. मग हळूहळू मी बघायला लागलो. इतके दिवस मी फक्त चेंडू बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा गोमा दिसला. जिथे रेल्वेवाल्यांचा चेंडू येणार, तिथे हा आधीच उभा! शेवटी शेवटी त्यांचा एक फॉरवर्ड मागून धावत आला तेव्हा मी भान विसरून ओरडलो, "गोमा, मागं!" गोमा वळला, चेंडू काढून घेतला, पुढे दिला आणि त्यावरच आपला एकुलता एक गोल झाला. जिंकलो आपण!

लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं. "आप्पांचा माप खरा ठरला!" तुम्ही वरून हात हलवत ओरडत होतात, "उतरवा रे! एकदा जिकलो, हा लाभ झाला. दोन होऊ द्या, मग बोला!" आप्पा, आनंदाच्या वेळीसुद्धा एवढं चोख कोण राहतं? तुमच्यासारखा बाप कुणाचा होता सांगा!

त्या गडबडीत मी सूप उचललं. अकरा ढिगांच्या बाजूला एक भरला दाणा वेगळा पडला होता. घरंगळला असेल, असं समजून मी सगळं झटकून टाकलं.

पुढच्या मोसमात मी संघात परत आलो. वर्षभर घाम गाळून आलो होतो. पहिल्या सामन्यानंतर ढीग मोजायला बसलात. प्रत्येकाला लाभ, दोन, तीन. माझा ढीग आला आणि तुम्ही एकदम सुरू केलंत, "दोन... तीन... चार..."

मी म्हणालो, "आप्पा, लाभ राहिला!"

"माझा माप मला कलतो," एवढंच बोललात आणि पुढे मोजत राहिलात.

सगळं मैदान हसलं. मापारी लाभ विसरला! तुम्ही बाजारात दिसलात की लोक तेच म्हणायचे. उभ्या आयुष्यातली एक चूक, आणि तीही पोटच्या पोराच्या ढिगात! तुम्ही कधी उलटून बोलला नाहीत. खाली बघून मिशीत हसायचात.

काल गोमा म्हणाला, "सदूदादा, आप्पा इसरले नवते. कसाऱ्याला सुपात बारावी जागा होती. गोल झाला तसा तू सूप ठेवून नाचत पलालास. मी पानी प्यायला आलो तवा इचारला, हा दाना कोनाचा? आप्पा बोलले, सदूचा. त्यानं हाक मारली, म्हनून तू वललास. हा त्याचा लाभ."

गोमा पुढे सांगायला लागला.

"आनि बोलले, त्याला सांगू नको. बापानं आपल्या पोराला घरचा दाना टाकला, असा लोक बोलतील."

म्हणजे तुम्ही वर्षभर तो एक दाणा मनात जपून ठेवलात. मी झटकून टाकलेला! आणि पुढच्या मोसमात मोजणी तिथूनच पुढे सुरू केलीत. मापात तसूभर फरक नको, म्हणून जन्मभर लोकांचं हसणं सोसलंत. हे मला का नाही सांगितलंत, आप्पा? लोक बोलले असते तर बोलले असते. मला कळलं असतं ना, की ज्या दिवशी मी स्वतःला टाकून दिलेला समजत होतो, त्या दिवशीही तुम्ही मला मोजत होतात.

रडू येतंय, पण छाती भरूनही येतेय.

आजपासून बांधावर तुमच्या जागी मी बसणार. सूप तेच. पण त्यात जागा बारा, बाहेर बसलेल्याची पहिली. एक गोष्ट मात्र तुमच्यासारखी करणार नाही. बाहेर बसलेल्या पोराचा दाणा पडला, तर तो त्याला त्याच संध्याकाळी दाखवीन. त्याला दहा वर्षं थांबायला लावणार नाही.

आणि पुढच्या सामन्याला, मोजायच्या आधी, सगळ्या मैदानासमोर उभा राहून सांगणार आहे: मापारी लाभ विसरला नव्हता. त्याच्या पोराने तो झटकून टाकला होता.

तुमचा बारावा,
सदू