कमरेवरचा बिबा

सेलू, २२-९-९७
चि. सौ. नलूस अनेक आशीर्वाद.
तानबाजींचा ताप नऊ दिवस उतरत नाही, अंगावर पुरळ आलं आणि तुमचा डॉक्टर टायफॉइडच्याच गोळ्या देऊन राहिला, हे वाचून त्या डॉक्टरचीच काळजी वाटली. दुकानात रद्दीत आलेलं वैद्यकीचं पुस्तक मी पुड्या बांधण्याआधी पानोपान वाचलं आहे. त्यात रिकेट्सिया नावाचा जंतू आहे. गोचिडाच्या चाव्यातून माणसात येतो आणि पेशीच्या आत बिऱ्हाड करतो, घरजावयासारखा. बाहेर त्याला जगताच येत नाही. चाव्याच्या जागी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून कोणी बघत नाही. जांघ, काख, कंबर, कानामागे, सगळीकडे पाहा. औषधाचं पान जिऱ्याच्या पुडीत गेलं. तेवढं डॉक्टरला ठाऊक असावं.
तुझा दादा,
प्रभाकर

रोहणा, २५-९-९७
ती. दादांस नलूचा सा. नमस्कार.
तुमचा घरजावई सापडला नाही. ह्यांना उलटंपालटं करून पाहिलं. कमरेवर एक काळा डाग आहे, पण तो तुम्ही पोळ्याला कंबरदुखीवर लावलेल्या बिब्याचा. एका बिब्यात जावयाची कंबर सरळ केली, हे सेलूभर तुम्हीच सांगत होता ना? बिबा म्हटल्यावर डॉक्टरनंही तो डाग सोडून दिला. हे कालपासून ग्लानीत आहेत, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. मले भीती वाटते दादा. गिऱ्हाइकाकडून ते पान तरी परत आणा.
तुमची,
नलू

सेलू, २७-९-९७
चि. नलू,
टपालाला वेळ नाही, हे एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देतो. पोळ्याच्या दुपारी मी बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला. तेल चरचरताच तानबाजी मागच्या दारानं पसार. मग आमचं ठरलं, लावला असंच सांगायचं. त्यांची भीती झाकली, माझा गुण गाजला. नलू, मी बिबा लावलाच नाही, एक थेंबही नाही. तो डाग गोचिडाचा आहे. आजच्या आज आर्वीच्या मोठ्या दवाखान्यात ने आणि हेच पत्र दाखव. लाजेचं मी इकडे बघतो.
दादा

आर्वी, ३-१०-९७
ती. दादांस सा. नमस्कार.
इथल्या डॉक्टरीणबाईंनी डाग पाहून औषध बदललं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तुमचं पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. अर्धा वॉर्ड हसला, उरलेल्यानं परत वाचायला लावलं. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं हेच विचारलं, "मी पळालो, हे दादानं लिहून टाकलं काय?" मी हो म्हटलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "याच्यापेक्षा तो जंतू बरा व्हता."
कंबर अजून दुखते. दिवाळीला याल तेव्हा लोभ घेऊन या, सुई सेलूलाच ठेवा.
तुमची,
नलू